कण्हेर : शोभा, श्रद्धा आणि विष
(महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात महाड व पोलादपूर हे दोन तालुके वसलेले आहेत. पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचा हा समुद्रापासून दूर असलेला, डोंगराळ आणि अतिपावसाचा भाग होय. किल्ले रायगड, गांधारपाले येथील लेणी, पोलादपूर येथील कवींद्र परमानंदांची समाधी, तानाजी मालुसरे यांचे उमरठ आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांमुळे या परिसराचा राजकीय व सामाजिक इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. तथापि माणसाच्या अंगणात, देवळाच्या आवारात आणि शेताच्या वईला पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या वनस्पतींकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वनस्पती हा वनस्पतिशास्त्राचा किंवा आयुर्वेदाचा विषय, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एखाद्या झाडाविषयी समाजाला काय माहीत होते, ते ज्ञान कोणाकडे होते आणि ते कसे हरवले, हा निखळ इतिहासाचाच विषय होय.

कण्हेर हे याचे ठळक उदाहरण आहे. लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची ही सदाहरित झुडपे कमी पाण्यावर तगतात आणि जवळजवळ वर्षभर फुलतात. त्यांना गुरे तोंड लावत नाहीत. त्यामुळे घराची बाग, शाळेचे आवार, कार्यालयाचे प्रांगण आणि महामार्गाचा दुभाजक या सर्व ठिकाणी कण्हेर आढळते. हेच झुडूप मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे आणि त्याचे विष थेट हृदयावर परिणाम करते. शोभा आणि विष यांचे हे साहचर्य नवे नाही. नवे आहे ते त्या विषाविषयीचे विस्मरण, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कण्हेरीच्या विषारीपणाविषयीचे पारंपरिक ज्ञान कोणत्या स्वरूपात जतन झाले होते, याचा शोध घेणे.
२) वसाहतकाळात या ज्ञानाचे स्वरूप व स्थान कसे बदलले, हे तपासणे.
३) महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ भागात या इतिहासाची आजची प्रस्तुतता स्पष्ट करणे.

नाव हीच सूचना :

लिखित ग्रंथ ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, त्यांच्यासाठी वनस्पतीचे नाव हाच ग्रंथ होता. संस्कृतातील 'करवीर' हा शब्द प्राकृतात 'कणवीर' झाला आणि त्यातून मराठी 'कण्हेर' सिद्ध झाला. परंतु करवीराचे दुसरे एक नाव अधिक बोलके आहे. ते म्हणजे 'अश्वमारक' किंवा 'हयमारक', अर्थात घोड्याला मारणारा. अमरकोशात करवीराच्या पर्यायांमध्ये 'हयमारक' हे नाव येते, तर सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात स्थावर विषांची गणना करताना मूळविषांमध्ये 'अश्वमार' सांगितला आहे.

हे नामकरण केवळ भारतापुरते मर्यादित नाही. फारसीत कण्हेरीला 'खरजहरा' म्हणतात आणि या नावात गाढव आणि विष यांचा संबंध आहे. अरबीत तिला गाढवाचे विष या अर्थाचे नाव आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही वनस्पती जनावरे, शेळ्या व मेंढ्या यांना विषारी असल्याची नोंद केली. भूमध्य सागरापासून भारतापर्यंत पसरलेल्या एका वनस्पतीकडे निरनिराळ्या समाजांनी स्वतंत्रपणे पाहिले आणि सर्वांना तिची पहिली ओळख जनावरांच्या मृत्यूतून झाली, असे यावरून दिसते.

महाड-पोलादपूरच्या संदर्भात ही बाब अर्थपूर्ण ठरते. वरंधा घाट व पार घाट यांच्यामार्गे देश आणि कोकण यांमधील वाहतूक शतकानुशतके बैल, घोडे आणि माणसांच्या पाठीवरून होत असे. जनावर हीच ज्या प्रदेशाची वाहतूक-व्यवस्था, तेथे कोणती पाने जनावराच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत, हे ज्ञान व्यवहाराचे होते. नावातून दिलेली सूचना गुराख्याला, तांड्याच्या नायकाला आणि शेतकऱ्याला सारखीच उपयोगी पडत असे. 'अश्वमारक' हा शब्द संस्कृत कोशातच राहिला आणि लोकांच्या जिभेवर मात्र 'कण्हेर' हे निरुपद्रवी वाटणारे नाव उरले. विस्मरणाची पहिली पायरी भाषेतच पडली, असे म्हणता येईल.

देवघर आणि औषधालय :

विषारी वनस्पतीला समाजाने बहिष्कृत केले नाही, उलट तिला देवापुढे स्थान दिले. शिव, देवी आणि गणपती यांच्या पूजेत कण्हेरीची फुले वाहिली जातात. गणेश चतुर्थीला पार्थिव गणपतीला वाहावयाच्या एकवीस पत्रींमध्ये करवीरपत्राचा समावेश आहे. त्याच यादीत धोत्रा आणि रुई याही विषारी वनस्पती आहेत. कोकणात गणेशोत्सव हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. त्यामुळे या पत्रीची ओळख येथील घराघरांत लहानपणापासून होत असे. रानात जाऊन पत्री आणणाऱ्या मुलांना वडीलधारी माणसे कोणते पान कोणते, हे सांगत. कशाला हात लावल्यावर तोंडाला हात लावायचा नाही, हेही त्यांना त्यासोबत सांगता येत असे. पत्री ही एका अर्थाने परिसरातील वनस्पतींची दरवर्षी होणारी उजळणी होती.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कण्हेर देवाला वाहिली जाई, परंतु ती खाण्याच्या पदार्थात नसे. तुळशीचे पान तीर्थात व नैवेद्यावर ठेवले जाते, तसे कण्हेरीचे ठेवत नाहीत. वाहण्याची वनस्पती आणि सेवन करण्याची वनस्पती यांमधील ही सीमारेषा कोणी नियम म्हणून लिहून ठेवली असो वा नसो, व्यवहारात ती पाळली जात होती.

आयुर्वेदाने हीच सीमारेषा शास्त्रीय परिभाषेत मांडली. चरकसंहितेत करवीर हे कुष्ठघ्न, म्हणजे त्वचाविकारांवर उपयुक्त अशा दहा द्रव्यांच्या गणात येते. तेथील तिचा उपयोग प्रामुख्याने बाह्य उपचारांचा आहे. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांनी करवीराची गणना रुई, निवडुंगवर्गीय शेर, धोत्रा, कळलावी, गुंज व अफू यांच्याबरोबर 'उपविष' या वर्गात केली आणि गाईच्या दुधात शोधन केल्याशिवाय ती औषधात वापरू नये, असे सांगितले. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात पांढरी व लाल अशा दोन कण्हेरींचे गुण सांगतानाच त्या खाल्ल्यास विषासारख्या होतात, असा स्पष्ट इशारा आहे. गुणवर्णन आणि इशारा हे एकाच ठिकाणी असणे, हे या ज्ञानपरंपरेचे वैशिष्ट्य होय.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. शोधनाचे ज्ञान मोजक्या वैद्यांकडे होते. सामान्य माणसाच्या हाती अर्धवट माहिती आणि झाडपाल्याचे उपाय एवढेच होते आणि त्यांतून अपघात घडत असणारच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर दाजीशास्त्री पदे यांच्यासारख्या लेखकांमुळे वनौषधींची माहिती छापील मराठी ग्रंथांतून घरोघरी जाऊ लागली. ज्ञानाचा हा प्रसार स्वागतार्ह होता. परंतु पुस्तक वाचकाच्या हाती पडले तरी वैद्याची देखरेख त्याच्यासोबत येत नव्हती, हेही तितकेच खरे.

पिवळी कण्हेर : दूरदेशीची पाहुणी :

आज ग्रामीण महाराष्ट्रात 'कण्हेर' म्हटले की दोन भिन्न वनस्पती डोळ्यांपुढे येतात. एक वर वर्णिलेली लाल-पांढरी कण्हेर, जिला लिनियसने १७५३ मध्ये 'नेरियम ओलिअँडर' हे शास्त्रीय नाव दिले. दुसरी घंटेच्या आकाराच्या पिवळ्या फुलांची 'पिवळी कण्हेर' किंवा 'बिट्टी'. ही दुसरी वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील आहे. तिच्या 'थेवेशिया' या जुन्या शास्त्रीय नावात १५५५ मध्ये ब्राझीलला गेलेला फ्रेंच धर्मोपदेशक आंद्रे थेवे याची स्मृती आहे. युरोपीय सागरी व्यापारामुळे अमेरिकेतील ज्या अनेक वनस्पती भारतात आल्या, त्यांपैकीच ही एक होय. त्यामुळे सुश्रुत किंवा चरक यांनी उल्लेखिलेली करवीर ती ही नव्हे.

नव्या झाडाला जुने नाव मिळाले, याचे कारण पानांतील साम्य. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तिला 'नेरियमसारख्या पानांची' अशा अर्थाचे नाव दिले होते. मराठी शेतकरी आणि युरोपीय शास्त्रज्ञ यांनी एकाच निकषावर केलेले हे नामकरण विषाच्या बाबतीतही यथार्थ ठरले, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुलातील असून दोन्हींची विषे एकाच प्रकारची आहेत. मात्र जुन्या कण्हेरीभोवती जी नियमांची कुंपणे होती, ती या पाहुणीभोवती उभी राहिली नाहीत. तिच्यासाठी 'अश्वमारक' असे नाव नव्हते आणि तिचा इशारा देणारा प्राचीन ग्रंथही नव्हता. उलट मुलांनी तिच्या बिट्ट्या खेळण्यासाठी गोळा कराव्यात, इतकी ती घरगुती झाली.

अंगणातून न्यायालयात :

इंग्रजी राजवटीत कण्हेरीच्या ज्ञानाचे स्थान बदलले. आतापर्यंत ते गुराखी, वैद्य आणि घरातील वृद्ध स्त्रिया यांच्याकडे होते. आता ते पोलीस, शल्यचिकित्सक आणि न्यायालय यांच्या कागदपत्रांत जमा होऊ लागले. नॉर्मन चेव्हर्स यांचा वैद्यकीय न्यायशास्त्रावरील ग्रंथ १८५६ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी भारतासाठी लिहिलेला याच विषयावरील ग्रंथ १८८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये जयसिंग मोदी यांचे पाठ्यपुस्तक आले आणि ते अनेक पिढ्यांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी अभ्यासले. या परंपरेत कण्हेर ही हृदयावर परिणाम करणाऱ्या विषांच्या वर्गात कायमची नोंदवली गेली.

रासायनिक परीक्षणाच्या प्रयोगशाळाही याच काळात उभ्या राहिल्या. मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये अशी त्यांची स्थापना झाली. संशयास्पद मृत्यूतील अवशेष मुफसलातून या प्रयोगशाळांकडे पाठविले जात. महाडसारख्या ठिकाणाहून मुंबईपर्यंतचा प्रवास तेव्हा सावित्रीच्या खाडीतून बाणकोटमार्गे किंवा खडतर जमिनीच्या मार्गाने करावा लागे. सोमलासाठी १८३६ पासून मार्श यांची खात्रीशीर चाचणी उपलब्ध होती. वनस्पतिजन्य विषांची, विशेषतः कण्हेरीतील ग्लायकोसाइड या शर्करायुक्त संयुगांची ओळख पटविणे मात्र फार कठीण होते. परिणामी कागदोपत्री ज्या विषाची चर्चा अधिक झाली, ते सोमल होते. अंगणातील विष बरेचदा निष्कर्षाविनाच राहत असावे.

कायद्याच्या बाबतीतही हेच घडले. मुंबई इलाख्यात १८६६ मध्ये विषांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. त्यानंतर १९०४ व १९१९ मध्ये अखिल भारतीय कायदे झाले. या सर्वांचा रोख दुकानातून विकल्या जाणाऱ्या विषांवर, प्रामुख्याने सोमलावर होता. विक्रेत्याला परवाना, खरेदीदाराची नोंद, साठ्याची तपासणी अशी ही व्यवस्था होती. जे विकत घ्यावेच लागत नाही, जे परसात उगवते, त्याच्यावर असा कायदा काहीही परिणाम करू शकत नव्हता. डेव्हिड आर्नोल्ड यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॉक्सिक हिस्टरीज' या ग्रंथात भारतातील विषांच्या इतिहासाचा विस्तृत आढावा घेतला आहे. विष ही वसाहतवादी शासनाच्या चिंतेची आणि संशयाची बाब कशी बनली, हे त्यातून स्पष्ट होते.

या कागदपत्रांचे एक मोठे वैगुण्य नमूद करणे आवश्यक आहे. वसाहतकालीन वैद्यकीय न्यायशास्त्रात कण्हेरीचा उल्लेख वारंवार स्त्रियांच्या आत्महत्या आणि चोरून केलेले गर्भपात यांच्या संदर्भात येतो. बालविवाह, सक्तीचे वैधव्य आणि सासरचा छळ यांनी ग्रासलेल्या त्या काळातील स्त्रीचे दुःख या नोंदींत कोठेही दिसत नाही. दिसतो तो केवळ गुन्ह्याचा प्रकार आणि अवशेषांचा अहवाल. ज्या स्त्रिया कण्हेरीची फुले वेचून देवाला वाहत होत्या, त्यांच्यापैकीच काहींचा अंत या नोंदींमध्ये क्रमांक होऊन राहिला. इतिहासकाराने ही शांतता वाचली पाहिजे.

याच काळात एक वेगळा प्रवाहही होता. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मराठी वैद्य कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी संस्थेच्या नियतकालिकात मुंबई परिसरातील विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. विल्यम डिमॉक यांनी पश्चिम भारतातील वनौषधींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' सिद्ध केला. गुन्ह्याऐवजी वनस्पतीलाच केंद्रस्थानी ठेवणारा हा अभ्यास होता. परंतु तो इंग्रजीत होता आणि महाडच्या अंगणापर्यंत तो परत आला नाही.

विषाचे कार्य आणि त्यावरील उपाय :

कण्हेरीचे विष नेमके काय करते, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग याने १७८५ मध्ये डिजिटालिस या वनस्पतीचा हृदयविकारातील उपयोग प्रसिद्ध केला होता. कण्हेरीतील ओलिअँड्रिन आणि पिवळ्या कण्हेरीतील थेवेटिन ही द्रव्ये डिजिटालिसच्याच जातकुळीतील आहेत. हृदयाच्या पेशींच्या आवरणावर सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा असते. डेन्मार्कचे येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तिचा शोध लावला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कण्हेरीचे विष ही यंत्रणा बंद पाडते. प्रारंभी मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब अशी लक्षणे दिसतात. त्यानंतर रक्तातील पोटॅशियम वाढते, नाडी मंद व अनियमित होते आणि हृदयाचे ठोके नियंत्रित करणारे विद्युतसंदेश खंडित होतात.

प्रारंभीची लक्षणे अन्नविषबाधेसारखी असल्याने पहिले काही तास हातचे जाण्याचा धोका असतो. श्रीलंकेत १९८० नंतर पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेचे प्रमाण वाढले. अशा घटनांना मिळालेली प्रसिद्धीच पुढील घटनांना कारणीभूत ठरली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. तेथेच झालेल्या संशोधनातून, डिजिटालिसविरोधी प्रतिपिंडांचे औषध या विषबाधेत परिणामकारक ठरते, हे २००० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र हे औषध अत्यंत महाग असून ग्रामीण भागात ते सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणे, पोटॅशियमची तपासणी, नाडी वाढविणारी औषधे आणि गरजेनुसार तात्पुरता पेसमेकर यांवरच मुख्य भिस्त राहते. तात्पर्य, रुग्ण किती लवकर सुसज्ज रुग्णालयात पोहोचतो, यावर त्याचे जीवन अवलंबून असते.

महाडने दिलेला धडा :

हृदयावर आघात करणाऱ्या विषाच्या इतिहासात महाडचे नाव एका वेगळ्या संदर्भात जगभर पोहोचले आहे. ते विष झाडाचे नसून विंचवाचे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांना लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंनी अस्वस्थ केले. रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणांतून या दंशात हृदय व फुप्फुसे कशी निकामी होतात, हे त्यांनी नोंदविले. ती निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे प्रॅझोसिन या स्वस्त व सहज उपलब्ध औषधाचा उपयोग त्यांनी १९८६ मध्ये मांडला आणि विंचूदंशातील मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. महाड येथे झालेले या विषयावरील तुलनात्मक संशोधन २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

विंचवाचे विष आणि कण्हेरीचे विष यांची कार्यपद्धती भिन्न आहे आणि त्यांचे उपचारही भिन्न आहेत. असे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने त्यांतील समान धडा महत्त्वाचा आहे. विंचूदंश ही त्यापूर्वी नशिबाची बाब मानली जाई. मंत्र, उतारा आणि घरगुती उपाय यांत वेळ जात असे. परिसरातील विषाकडे त्याच परिसरातील आरोग्य केंद्राने गांभीर्याने पाहिले, नोंदी ठेवल्या आणि लोकांनी रुग्णाला लवकर आणावे यासाठी प्रयत्न केले, तेव्हा चित्र पालटले. कण्हेरीबाबत असे स्थानिक नोंदींचे व लोकशिक्षणाचे काम होणे अगत्याचे आहे.

या परिसराचा भूगोल त्या कामाची निकड स्पष्ट करतो. पोलादपूरच्या डोंगरातील अनेक वाड्या मुख्य रस्त्यापासून दूर आहेत. तेथून पोलादपूर, पोलादपूरहून महाड आणि आवश्यकता भासल्यास महाडहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरील मुंबई, असा रुग्णाचा प्रवास होतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळली आणि अनेक गावांचे रस्ते तुटले. काही तासांत उपचार मिळणे ज्या विषबाधेत निर्णायक आहे, तिच्याबाबत अशा प्रदेशात प्रतिबंध हाच सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो.

शोभेचे झाड :

स्वातंत्र्योत्तर काळात कण्हेरीला 'शोभेचे झाड' ही नवी ओळख मिळाली. रोपवाटिकांनी तिचे अनेक रंगांचे व दुहेरी पाकळ्यांचे प्रकार लोकप्रिय केले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर केले. देशातील महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर मोठ्या प्रमाणात दिसते, कारण ती धूळ व ऊन सोसते, समोरच्या वाहनांचा प्रकाशझोत अडवते आणि जनावरे तिला खात नाहीत. जनावरे तिला का खात नाहीत, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. जो गुण पूर्वी धोक्याची सूचना होता, तोच आता लागवडीची सोय बनला.

छाटणीचा प्रश्न येथेच उद्भवतो. उभ्या झाडाला तोंड न लावणारे जनावर तोडून टाकलेल्या, सुकलेल्या पाल्यात मिसळलेली कण्हेर खाऊ शकते आणि सुकल्यावरही तिचे विष नष्ट होत नाही. पूर्वी वईची छाटणी घरचाच माणूस करी. त्याची गुरे त्याच अंगणात असत, म्हणून तो पाला दूर टाकला जाई. आज छाटणी एकाने करावी आणि गुरे दुसऱ्याची असावीत, अशी स्थिती आहे. गणेशोत्सवानंतरच्या निर्माल्याबाबतही हीच काळजी घेणे इष्ट ठरते.

केरळमधील अलीकडील घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे कण्हेरीला 'अरळी' म्हणतात. २०२४ मध्ये तिचे पान चुकून चावल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचे वृत्त आल्यानंतर, मे २०२४ मध्ये त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात अरळीच्या फुलांचा वापर बंद केला. पूजेत फूल वाहण्यास मात्र पूर्ण मज्जाव केला नाही. वाहण्याची वनस्पती आणि सेवनाची वनस्पती यांमधील जी सीमारेषा परंपरेने आखली होती, तीच आधुनिक संस्थेला ठराव करून पुन्हा आखावी लागली, हा या घटनेचा ऐतिहासिक अर्थ होय.

निष्कर्ष :

१) कण्हेरीच्या विषारीपणाचे ज्ञान भारतीय समाजाला प्राचीन काळापासून होते. ते नाव, पूजेतील मर्यादा, शोधनविधी आणि पशुपालनाचा व्यवहार यांत गुंफलेले होते.

२) वसाहतकाळात हे ज्ञान अधिक अचूक झाले, परंतु ते प्रयोगशाळा आणि न्यायालय यांच्यापुरते सीमित झाले. विक्रीवर आधारलेले कायदे अंगणातील विषापर्यंत पोहोचू शकले नाहीत आणि त्या विषाला बळी पडलेल्या स्त्रियांचे दुःख नोंदींच्या बाहेरच राहिले.

३) पिवळी कण्हेर व आधुनिक सुशोभीकरण यांमुळे झाड सर्वत्र पोहोचले, पण त्याच्याविषयीची सूचना त्याच्यासोबत पोहोचली नाही.

४) कण्हेर समूळ उपटून टाकणे हा यावरील उपाय नव्हे. तो व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. झाडाला त्याचे विसरलेले नाव परत देणे आवश्यक आहे. शाळा, अंगणवाड्या व गुरांचे गोठे यांच्या लगत तिची नवी लागवड टाळावी. छाटलेला पाला गुरांच्या आवाक्याबाहेर पुरावा. तिची काडी दातवणासाठी वा लाकूड स्वयंपाकासाठी वापरू नये. विषबाधेचा संशय येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शक्य असल्यास झाडाची फांदी ओळखीसाठी सोबत न्यावी. शाळांमधून गणेशोत्सवाच्या निमित्ताने पत्रींची ओळख करून देताना त्यांतील विषारी वनस्पतींचीही माहिती दिल्यास जुनी उजळणी नव्या स्वरूपात सुरू होऊ शकेल.

महाडच्या मातीत विंचवाच्या विषावर मात करण्याचा इतिहास घडला, तो परिसरातील माणसांच्या दुःखाकडे जवळून पाहिल्यामुळे. कण्हेर दारातच उभी आहे. तिच्याकडे पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. ज्यांनी तिला 'हयमारक' म्हटले, त्यांनी तिची फुलेही वेचली होती. ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, हे त्यांना माहीत होते. तेच ज्ञान पुढील पिढीच्या हाती पुन्हा देणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचे एक प्रयोजन ठरते.